साडेतीन क्विंटलचा बाहुला

माझ्या संग्रहाबद्दल घरात कुणाला फारसं माहीत नव्हतं. म्हणजे पुण्याच्या घरी काचेच्या कपाटात ते सगळे ओळीने उभे आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिलेले आहेत, पण 'मुलाची खेळणी' या नावाखाली ते खपून जातात. मुलगा आता अकरावीत आहे, तरी कुणी हटकत नाही. बायकोला सगळं माहीत आहे, फक्त किमती माहीत नाहीत. (आता कळतील. असो.)

तर झालं असं, की २०२३ च्या दिवाळीला मी मोर्शीला गेलो होतो. चांगला तीन आठवडे. ऑफिसचं काम तिथूनच करत होतो, लाइट गेली की मोबाइलच्या जिवावर. अमेरिकेहून एक पार्सल यायचं होतं आणि त्या तारखांना मी तिथंच असणार म्हणून पत्ता मोर्शीचा दिला होता. आईला अंबादेवीच्या दर्शनाला अमरावतीला नेलं आणि नेमकं त्याच दिवशी पार्सल आलं. संध्याकाळी परतलो तर बाबा ओट्यावर बसलेले, मांडीवर खोकं, आणि चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेली पावती.

"हे कायचं व्हय?"

"ते... ऑफिसचं आहे, बाबा."

"ऑफिसचं हाय तं मी काऊन पैसे भरले?"

पावती २,८८६ रुपयांची होती, कुरिअरवाल्याचे हाताळणीचे वर वेगळे. पंचेचाळिशीच्या माणसानं बापापुढे खोटं बोलावं तर निदान नीट जमावं. मला ते सातवीतही जमत नव्हतं. खोकं तिथंच उघडलं. आतून निघाला बोबा फेट, सहा इंची, हिरवं चिलखत आणि डोक्यावर शिरस्त्राण.

बाबांनी त्याला उलटंसुलटं करून पाहिलं. "हा कोन?"

"स्टार वॉर्समधला आहे. बक्षीस लावलेली माणसं पकडून आणतो."

"म्हंजे वसुलीवाला," बाबा म्हणाले आणि खोकं आईकडे दिलं. आईनं ते देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं, कारण घरात तीच एक जागा रिकामी होती.

आता ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोर्शी-वरुडचा पट्टा म्हणजे संत्र्याचा. आमची साडेचारशे झाडं आहेत. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतं. व्यापारी त्याआधीच बाग उभी पाहून सौदा करतो, इसार देतो, आणि तोडणी, गाडी, मंडी हे सगळं त्याचं. आमच्या भागातलं कितीतरी फळ बांगलादेशात जायचं. त्या देशानं संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवत वाढवत नेलं. २०१९ ला किलोला २० टका होतं, ते २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर गेलं. तिकडची वाट आखडली की सगळं फळ देशातल्याच मंड्यांत कोसळतं आणि त्याबरोबर भावही. आमच्या व्यापाऱ्यानं ऑगस्टात इसार दिला होता. दिवाळीच्या आठ दिवस आधी तो आला आणि म्हणाला, ठरल्या भावात जमत नाही, टनाला अठरा हजारानं देत असाल तर बोला, नाहीतर इसार बुडाला समजतो. फळ झाडावर. थांबलं तर गळतं. बाबांनी 'विचार करून सांगतो' म्हणून त्याला चार दिवस थांबवलं होतं.

या चार दिवसांतच माझं पार्सल आलं. वेळ साधावी ती अशी.

रात्री जेवण झाल्यावर बाबांनी एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू पुढ्यात घेतली आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "मांड हिशेब. कोनाले किती गेले ते सांग." रागावले असते तर बरं झालं असतं. मला वाटलं, ते खर्चाचा जाब विचारतायत. तसं नव्हतं. ते आयुष्यभर एकच गोष्ट विचारत आलेत, की मधे कोण किती खातो.

मांडला. बाहुल्याची किंमत २५ डॉलर. पाठवणावळ २० डॉलर. एकूण ४५, तेव्हाच्या ८३ च्या भावानं ३,७३५ रुपये. सीमाशुल्क नुसत्या वस्तूवर लागत नाही, वाटखर्च धरून जे होतं त्यावर लागतं, हे बाबांना पहिल्यांदा कळलं आणि त्यांनी पेन हातात घेऊन त्याखाली दोन रेघा मारल्या. परदेशातून स्वतःसाठी मागवलेल्या वस्तूला त्या वर्षी ३५ टक्के शुल्क होतं. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार. मग ही सगळी बेरीज करून तिच्यावर २८ टक्के जीएसटी. म्हणजे करावरही कर. सगळं मिळून ७७ टक्क्यांच्या थोडं वर जातं. २,८८६ रुपये असे आले. एकूण ६,६२१.

"अठरा हजार टनानं," बाबा म्हणाले, आणि मनातच भागाकार केला. "साडेतीन क्विंटलच्या वर झाले."

मी काही बोललो नाही. आईनं सुपारी कातरायची थांबवली.

"बरं, ते सरकारचं झालं. पंचवीस डॉलर कोनाचे?"

इथे मात्र मी फॉर्मात आलो. हा माझा आवडीचा विषय, आणि आजवर कुणी आपणहून विचारला नव्हता. दुकानात जी वस्तू २५ डॉलरला आहे ती दुकानदाराला ढोबळमानानं निम्म्यात पडते. उरलेल्या निम्म्यातून चित्रपटवाल्यांची रॉयल्टी, घाऊक किमतीवर दहा-पंधरा टक्के, मोठं नाव असलं तर त्याहून जास्त. मग कंपनीचा नफा, जाहिरात, गोदाम, जहाजाचं भाडं. चीन किंवा व्हिएतनाममधल्या ज्या कारखान्यात तो खरोखर तयार होतो, रंगवला जातो, खोक्यात बसतो, त्याच्या वाट्याला पाचवा हिस्सा आला तर पुष्कळ. महाग असतो तो साचा. पोलादाचा, हजारो डॉलरचा. एकदा साचा झाला की प्लॅस्टिक कवडीमोल. म्हणून कंपन्या एकच धड दहा जणांना वापरतात, फक्त डोकं बदलतात. आणि याच मालिकेचा बाहुला २०१३ ला आला तेव्हा २० डॉलरचा होता, दहा वर्षांत २५ चा झाला.

"साचा म्हंजे झाड," बाबा म्हणाले. "पाच-सहा वर्सं नुसतं घालाचं. मंग फळ."

"हो, पण साचा वाळत नाही."

"हे बरं हाय."

मग मी त्यांना केनरची गोष्ट सांगितली. १९७७ च्या मे महिन्यात पहिला 'स्टार वॉर्स' आला. केनर कंपनीकडे खेळण्यांचे हक्क होते, पण सिनेमा एवढा चालेल असं कुणाला वाटलं नव्हतं. नाताळपर्यंत बाहुले तयार होईनात. आणि तिकडे खेळण्यांचा धंदा बघायचा तर नाताळात. मग त्यांनी काय केलं, पुठ्ठ्याचं रिकामं पाकीट विकलं! आत एक प्रमाणपत्र. ते भरून पाठवायचं, की पुढच्या वर्षी चार बाहुले टपालानं घरी. ल्यूक, राजकन्या लेया, तो केसाळ च्युबाका आणि आर-टू-डी-टू. पोरांनी नाताळच्या सकाळी रिकामी खोकी उघडली.

बाबा मोठ्यानं हसले. कित्येक दिवसांनी. "म्हंजे गिऱ्हाइकानंच इसार देल्ला! अन् माल नंतर! असा व्यापारी आपल्याले काऊन नाही भेटत?"

दुसरी गोष्ट त्यांना त्याहून आवडली. सगळे बाहुले एकाच किमतीचे, मग उंच असो की बुटका. त्यात 'जावा' नावाचे बुटके होते, निम्म्या उंचीचे. १९७८ ला ते आले तेव्हा त्यांच्या अंगावर प्लॅस्टिकची पातळ झूल होती. कंपनीला वाटलं, इतक्या छोट्याला पूर्ण पैसे घ्यायचे आणि वर ही फाटकी झूल, लोक नावं ठेवतील. म्हणून लगेच बदलून कापडाचा झगा दिला. आज कापडी जावा भरपूर, आणि प्लॅस्टिकच्या झुलीचा मिळणं मुश्कील. अस्सल बंद पुठ्ठ्यावरचा असेल तर हजारो डॉलर. इतके, की लोक दुसऱ्या स्वस्त बाहुल्याची झूल कापून चढवतात आणि फसवतात.

"बारीक फळ मोठ्याच्या भावानं जाते, तेही वरच्या कागदावर," बाबा म्हणाले. "आपल्याकडं मोठ्याखाली लपवा लागते."

पेटीचा विषय मग आपोआपच निघाला. दुकानदाराला हवा तो बाहुला हवा तितका मिळत नाही. बंद पेटी मिळते, आठाची किंवा बाराची, आणि आत काय किती ते कंपनीनं आधीच ठरवलेलं असतं. नायकाचे तीन, बाकी दोघांचे दोन-दोन, आणि एखादा असा की पेटीत एकच. तो एकच सगळ्यांना हवा असतो. दुकान उघडताच कुणीतरी तो उचलतो आणि संध्याकाळी तिप्पट भावानं विकायला ठेवतो. आणि ज्याचे जास्त आले तो खुंटीवर लटकून धूळ खातो. १९९९ ला नवा भाग आला तेव्हा अमेरिकेत ३ मेच्या मध्यरात्री दुकानं उघडली, लोकांनी रांगा लावल्या, आणि तरीही माल इतका काढला होता की पुढं कैक महिने सवलतीत विकत बसावं लागलं. टंचाई असेल तर ती पेटीतच ठेवलेली असते. कारखान्यात काही कमी नसतं.

हे सांगताना माझ्याच कानांवर माझा आवाज पडत होता. ओहायोतल्या एका कंपनीनं पंचेचाळीस वर्षांपूर्वी कुठल्या पेटीत काय भरलं ते मला पाठ होतं. बाबांनी सहज विचारलं, "अन् आपलं फळ दिल्लीले किती किलोनं जाते?" मला माहीत नव्हतं. अंदाजही सांगता आला नाही. ज्या झाडांवर माझं इंजिनिअरिंग झालं त्यांचा भाव मी कधी विचारला नव्हता. व्यापारी येतो, बाबा बोलतात, पैसे येतात. एवढंच ठाऊक.

बाबांनी मला तिथं धरून ठेवलं नाही. ते म्हणाले, "तुले तो फौजी आठवते काय? अमरावतीचा?"

आठवतो म्हणजे काय! १९९१ ची गोष्ट. मृगाच्या बहाराचे पैसे हातात आले होते आणि बाबा मला एसटीनं अमरावतीला घेऊन गेले होते. मोर्शीत तेव्हा खेळणी मिळायची ती जत्रेत, पत्र्याची आणि मातीची. टीव्हीवर ही-मॅन, स्ट्रीट हॉक आणि त्यांच्या मधे जी. आय. जोच्या जाहिराती. सैनिकच, पण लेझरच्या बंदुका आणि कोब्रा नावाची जगबुडवी टोळी समोर. राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात ते पुठ्ठ्यावर बुडबुड्यात बंद होऊन टांगलेले होते. मला पाहिजे होता स्नेक आइज, काळ्या कपड्यातला. तो नव्हता. दुकानदार म्हणाला, पेटीत एक येतो, सकाळीच गेला, फ्लिंट घ्या. सत्तर रुपयांच्या आतबाहेर होता. बाबांनी घासाघीस सुरू केली. दुकानदारानं बोट ठेवून छापील किंमत दाखवली, सर्व करांसहित.

बाबा त्या छापील आकड्याकडे बराच वेळ बघत होते. मला भीती, की आता हे नको म्हणतील. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "याच्यात तुमाले किती सुटते?" तो बिचारा गोंधळला. मग म्हणाला, काका, नागपूरहून स्टॉकिस्ट पेटी पाठवतो, त्यात विकणारे दोन, न विकणारे चार, आणि घ्यायचे सगळेच. सुटतात ते या भिंतीवर लटकलेत. बाबांना त्याचं पटलं असावं. त्यांनी पैसे दिले. बसमध्ये मला म्हणाले, "गोव्यात बनते, मोर्शीपासून हजार किलोमीटर, अन् भाव तेच लोक छापून पाठवते. आपल्या संत्र्यावर असा भाव छापता आला असता तं..." पुढचं त्यांनी बोललं नाही. मला तेव्हा फक्त फ्लिंटची टोपी दिसत होती.

हो, गोव्यातच. हे मला पुढं कितीतरी वर्षांनी नीट समजलं. एमआरएफ या टायरवाल्या कंपनीनं अमेरिकेच्या हॅस्ब्रोबरोबर १९८७ मध्ये फनस्कूल काढली आणि गोव्यात खोर्लीला कारखाना टाकला. हॅस्ब्रोचे जुने, तिकडे वापरून झालेले साचे इकडे आले. त्यातले काही दक्षिण अमेरिका फिरून आले होते म्हणतात. साचा आयता असल्यामुळेच तो सैनिक सत्तर रुपयांत बसत होता. नवा साचा पाडून भारतात त्या किमतीला देणं कुणालाच परवडलं नसतं. रंग मात्र इथले. आज एका रंगाची पँट, उद्या दुसऱ्या, जसा रंग हाताशी असेल तसा. स्ट्रीट हॉकची मोटारसायकलसुद्धा त्यांनी जी. आय. जोच्या मापाची काढली, जी मूळ मालिकेत अमेरिकन पोरांना कधी मिळालीच नाही.

आणि मग गंमत झाली. अमेरिकेत जी. आय. जोची ही छोटी मालिका १९९४ ला बंद पडली. गोव्याचा कारखाना चालूच राहिला, २००० उलटल्यावरही काही वर्षं. तिकडच्या वयात आलेल्या पोरांना पत्ता लागला, की आपलं बालपण भारतात अजून साच्यातून निघतंय. तिकडच्या विक्रेत्यांनी पेट्याच्या पेट्या मागवल्या. जो रंगातला ढिसाळपणा इथे कुणी पाहिलाही नव्हता, त्याच्या याद्या झाल्या. या पँटचा, त्या पट्ट्याचा, हा दुर्मीळ, तो नेहमीचा. राजकमल चौकात ज्याला कुणी घेत नव्हतं तो तिकडे डॉलरमध्ये जाऊ लागला. मला हे कळेपर्यंत इथल्या दुकानांतून ते नाहीसे झाले होते.

आता उलटी वाट अवघड आहे. २०२० मध्ये खेळण्यांवरचं शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआयचा शिक्का सक्तीचा, परदेशातल्या कारखान्यालाही. इथल्या कारागिरांसाठी ते चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण ज्याचे भारतात पाचशे नग खपतील त्याच्यासाठी कुणी इतका खटाटोप करत नाही. म्हणून माझ्यासारखे एकेक पार्सल मागवतात आणि त्यांचे वडील ओट्यावर पैसे भरतात. आणि तिकडे ढाक्यात कुणी मोर्शीचं संत्रं सोलत असेल त्यानंही असंच काहीतरी भरलं असणार. बाबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "त्याले त्याच्या शेतकऱ्याची काळजी असन." एवढंच.

"तो फौजी कोठी हाय?" त्यांनी विचारलं.

आईला माहीत होतं. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, माझ्या शाळेच्या वह्यांखाली. (मावशी, वाचत असशील तर, तुझी एसएससीची गुणपत्रिका पण तिथंच सापडली.) फ्लिंट निघाला, टोपी शाबूत, बंदूक गायब. हातात घेताच कमरेत दोन तुकडे झाले. हे सगळे सैनिक आतून एका काळ्या रबरी कडीनं जोडलेले असतात, धड वर, पाय खाली. तीस वर्षांत ती कडी वाळते आणि तुटते. सगळ्यांचीच.

"आता काय भाव याचा?"

मी म्हणालो, बंद पुठ्ठ्यावर असता तर बरा आला असता, असा सुटा, बंदुकीशिवाय, फारसा नाही. बंद ठेवला तर भाव, खेळला तर नाही, हे बाबांना काही केल्या पटेना. "फळ खाल्लं नाही म्हून महाग?" मग व्यापारी डोकं चालवून म्हणाले, "बरं, तो नवा वसुलीवाला. तो बंद ठेवला अस्ता तं?" मी त्याचं खोकं ओट्यावरच फाडलं होतं, आईनं त्यातली प्लॅस्टिकची खाच फुलवाती ठेवायला घेतली होती. तो विषय तिथंच संपला.

(२०२४ मध्ये याच बोबा फेटचा एक जुना नमुना लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरना गेला. पाठीवरून अग्निबाण सुटणारा, पोरांच्या घशात अडकेल म्हणून विक्रीला कधी आलाच नाही असा. मी फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, जे बाजारात आलंच नाही त्याले सगळ्यात जास्त भाव, लिहून ठेव.)

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. या वेळी मी बाबांच्या शेजारी बसलो, पहिल्यांदाच. काही फार केलं नाही. फक्त विचारलं, की गाडीभाडं किती, दिल्लीची आडत किती, पेटी किती किलोची, बारीक फळ किती टक्के धरलंय. तो बाबांकडे बघून बोलत होता, मग हळूहळू माझ्याकडे बघून बोलायला लागला. त्याचेही काही बांगलादेशात अडकले होते, हे त्यानं सांगितलं आणि ते खोटं वाटलं नाही. शेवटी टनाला साडेएकोणीस हजारावर ठरलं, आणि तोडणी आठ दिवसांत. ऑगस्टातल्या भावाच्या जवळपासही नाही. बाबांनी हात पुढे केला. तो गेल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुपारी ते फवारणीच्या पंपाचा डबा घेऊन बसले. त्यात नोझल, वायसर, चाकी, पाना, आणि एका पुडीत निरनिराळ्या मापाच्या रबरी कड्या. फ्लिंटच्या पाठीचा स्क्रू मी चष्म्याच्या पेचकसानं काढला. एक कडी मोठी झाली, दुसरी तुटली. तिसरी बसली, पण जाड. स्क्रू आवळल्यावर तो ताठ उभा राहिला, वाकेना.

"बसत नाही आता," मी म्हणालो.

"फौजी हाय, उभाच राह्यते," बाबा म्हणाले, आणि उरलेल्या कड्या मोजून पुन्हा पुडीत बांधल्या, कारण संध्याकाळी मृगाच्या झाडांवर फवारणी होती.